पावडरीचा हिशोब

'पावडर' या शब्दाला आमच्या आसनगावात पूर्वी तीनच अर्थ होते. तोंडाला लावायची, पिकावर मारायची आणि दूध संपलं की चहात घालायची. गेल्या काही वर्षांत चौथा अर्थ आला आहे. "पावडर घेतोस का रे?" असं एक पोरगं दुसऱ्याला विचारतं, तेव्हा ते व्यायामवाल्यांच्या डब्याबद्दल बोलत असतं. शहापूरच्या रस्त्याला पहाटे पाच वाजता धावणारी पोरं बघा. त्यातली निम्मी-अधिक पोलीस भरतीची, काही सैन्याची आणि उरलेली आरशासाठी. तिघांच्याही बोलण्यात सध्या एकच नाव असतं... क्रिएटिन.

माझी नोकरी औषधांच्या कारखान्यात, तपासणी विभागात. लेबलावर लिहिलंय ते आत आहे की नाही हे बघण्याचा पगार मिळतो. त्यामुळे नात्यातल्या कुणाच्याही हातात बाटली किंवा डबा आला की तो आधी माझ्याकडे येतो. तसाच माझा भाचा आला. ताईचं घर किन्हवलीकडे. थोडी भातशेती, एक म्हैस, आणि पोराचं वय भरतीच्या ऐन उमेदीतलं. हातात वहीचा कागद, त्यावर पाच नावं आणि पुढे किमती. मोनोहायड्रेट, मायक्रोनाइज्ड, एचसीएल, बफर्ड आणि इथाइल एस्टर. ठाण्यातल्या एका दुकानदाराने त्याला सांगितलं होतं, की मोनोहायड्रेट आता जुनं झालं, एचसीएल घे, थोडंसं पुरतं आणि पोट फुगत नाही. त्या डब्याची किंमत म्हणजे म्हशीच्या दुधाचे पंधरा दिवसांचे पैसे.

मागोमाग ताईचा फोन. तिची चिंता निराळीच. "अरे, ते मटणापासून करतात म्हणे. त्याच्या गळ्यात माळ आहे. ते पोटात गेलं तर माळ उतरवायची का आम्ही?"

ताईचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. क्रिएटिन हे नावच मुळी मांसावरून आलंय. शेव्रल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३२ साली ते मांसातून वेगळं काढलं आणि मांसासाठी जो ग्रीक शब्द आहे त्यावरून नाव ठेवलं. पण आज डब्यात येतं ते कारखान्यात, सार्कोसिन आणि सायनामाइड या दोन रसायनांपासून तयार होतं. त्यात जनावराचा संबंध येत नाही. संबंध येऊ शकतो तो कॅप्सुलमध्ये, कारण कॅप्सुलचं टरफल बऱ्याचदा जिलेटिनचं असतं आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून निघतं. म्हणून माळकऱ्याने साधी पावडर घ्यावी आणि डब्यावरचा हिरवा ठिपका बघावा. ताईला एवढं सांगितल्यावर तिचा आवाज खाली आला.

गंमत अशी की या पावडरीचा उपयोग झालाच तर माळकऱ्याला जरा जास्तच होण्याची शक्यता. आपलं शरीर रोज साधारण एक ग्रॅम क्रिएटिन स्वतःच बनवतं आणि मांस-मासे खाणाऱ्याला तेवढंच जेवणातून मिळतं. दुधात ते नावापुरतं, डाळी-भाज्यांत जवळजवळ नाहीच. त्यामुळे शाकाहारी माणसाच्या स्नायूंतला साठा मुळातच कमी असतो, आणि बाहेरून दिलं की तो जास्त वाढतो.

पण हा साठा करतो काय? मी भाच्याला त्याच्याच घरातलं उदाहरण दिलं. आपल्या शहापूर तालुक्यात भातसा आणि तानसा अशी मोठी धरणं. पाणी मुंबईला जातं आणि आपल्याच कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. अशा घरात दाराशी एक भरलेला हंडा ठेवतात. पाहुणा आला, पोराला तहान लागली, की पहिला तांब्या त्या हंड्यातला. टँकर येईल तेव्हा येईल. स्नायूंचंही तसंच. जोर लावला की एटीपी नावाचं इंधन दोन-तीन सेकंदांत संपू लागतं. प्राणवायू वापरून नवीन इंधन करायची यंत्रणा मोठी, धरणासारखी, पण वेग घ्यायला उशीर लावते. मधल्या काही सेकंदांत जो दाराशी हंडा असतो, तो म्हणजे क्रिएटिन फॉस्फेट. पहिल्या दहाएक सेकंदांच्या जोरात तोच मुख्यतः कामाला येतो.

हा हंडा कुणी शोधला ठाऊक आहे? डब्यांवर जर्मन आणि अमेरिकन नावं मोठ्या अक्षरांत असतात, पण १९२७ साली हार्वर्डमधून सायरस फिस्के यांच्याबरोबर स्नायूंतल्या या फॉस्फेटचं रूप जगापुढे मांडणारा माणूस होता यल्लाप्रगडा सुब्बाराव. जन्म १८९५, आंध्रातलं भीमावरम, वैद्यकीचं शिक्षण मद्रासला. त्याच सुमारास इंग्लंडमध्येही एगलटन दांपत्य या पदार्थाच्या मागावर होतं. एवढं करून सुब्बारावांना हार्वर्डने कायमची नोकरी दिली नाही. ते १९४० मध्ये एका औषध कंपनीत गेले आणि तिथे त्यांच्या हाताखाली फोलिक आम्ल, मेथोट्रेक्सेट अशी मोठी कामं झाली. १९४८ साली ते गेले. जिममधल्या किती पोरांना हे नाव माहीत असेल? मी भाच्याला ते वहीत लिहून घ्यायला लावलं. परीक्षेत सामान्य ज्ञानाला येईल, अशी लालूच दाखवून!

खेळाडूंमध्ये याचा बोलबाला झाला तो १९९२ नंतर. त्या वर्षी रॉजर हॅरिस आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की क्रिएटिन मोनोहायड्रेट तोंडाने घेतल्यावर स्नायूंतला साठा खरोखर वाढतो. तेव्हापासून झालेले बहुतेक प्रयोग याच मोनोहायड्रेटवर आहेत. मग बाकीची नावं कशासाठी? कारण मोनोहायड्रेट कुणीही बनवू शकतो, त्यात नफा थोडा. नवं नाव, नवा डबा, नवी किंमत.

आता एकेक नाव बघू.

मायक्रोनाइज्ड म्हणजे तेच मोनोहायड्रेट, फक्त बारीक दळलेलं. तांदळाची कणी आणि तांदळाची पिठी यात जेवढा फरक, तेवढाच. पाण्यात जरा लवकर मिसळतं. किंमत सारखी असेल तर घ्यावं, त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

एचसीएल म्हणजे क्रिएटिनला हायड्रोक्लोरिक आम्लाची जोड. हे पाण्यात फार छान विरघळतं, हे खरं आहे. साध्या मोनोहायड्रेटचं तसं नाही. एक लिटर साध्या पाण्यात ते जेमतेम १४ ग्रॅम विरघळतं. पेल्याच्या तळाशी कण दिसतात ते त्यामुळेच. पण पेल्यात विरघळणं वेगळं आणि पोटातून रक्तात जाणं वेगळं. मोनोहायड्रेट जवळजवळ सगळंच शोषलं जातं. जे आधीच पूर्ण शोषलं जातंय, त्याच्यापेक्षा जास्त काय शोषणार? शिवाय वजनाचा हिशोब करा. मोनोहायड्रेटमध्ये सुमारे ८८ टक्के क्रिएटिन, एचसीएलमध्ये सुमारे ७८ टक्के. म्हणजे ३ ग्रॅम मोनोहायड्रेटमधून २.६ ग्रॅम मिळतं. आणि 'थोडंसं पुरतं' म्हणून पाऊण ग्रॅम एचसीएल घेतलं तर ०.६ ग्रॅमच्या आत. महाग डब्यातून चौथा हिस्सा, आणि वर सांगायचं की ताकद जास्त!

बफर्ड म्हणजे क्षार मिसळलेलं. दावा असा, की पोटातल्या आम्लात साधं क्रिएटिन नासतं, हे नासत नाही. मुळात अन्न पोटात राहतं तेवढ्या वेळात साधं क्रिएटिनही फारसं नासत नाही. २०१२ साली व्यायाम करणाऱ्या ३६ जणांवर २८ दिवस झालेल्या प्रयोगात दोघांत काही फरक निघाला नाही, ना स्नायूंच्या साठ्यात, ना ताकदीत.

इथाइल एस्टरची गोष्ट तर उलटीच. ते शरीरात शिरताच मोठ्या प्रमाणात क्रिएटिनिन होऊन जातं. (एका अक्षराचा फरक आहे, नीट वाचा. क्रिएटिन कामाचं, क्रिएटिनिन हा त्याचा टाकाऊ अवशेष, लघवीवाटे जाणारा.) २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एस्टर घेणाऱ्यांच्या रक्तात क्रिएटिनिन वाढलेलं दिसलं, फायदा मात्र मोनोहायड्रेटपेक्षा जास्त नव्हता. पैसे देऊन कचरा विकत घेण्यासारखं.

तयार पातळ क्रिएटिनची बाटलीही बाजारात येऊन गेली आहे. पाण्यात पडून राहिलेलं क्रिएटिन हळूहळू क्रिएटिनिन होतं, आंबट पेयात आणखी लवकर. म्हणून रात्री कालवून सकाळी पिऊ नये. ढवळावं, लगेच प्यावं, तळाशी राहिलेलं पुन्हा पाणी घालून प्यावं.

म्हणजे हंडा एकच. तो कळशीने भरा, बादलीने भरा, नाहीतर चांदीच्या तांब्याने भरा. भरला की वरचं पाणी वाहून जातं. इथे ते लघवीवाटे जातं.

"मग मामा, मोनोहायड्रेट घेऊ ना?" भाचा उठायलाच लागला. मी म्हटलं, थांब, खरा प्रश्न अजून आलाच नाही. तुझी परीक्षा कसली आहे?

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर धावणं, १०० मीटर धावणं आणि गोळाफेक असते. एकूण ५० गुण. यातलं १०० मीटर आणि गोळाफेक म्हणजे हंड्यातल्या पाण्याचं काम. तिथे क्रिएटिनची मदत होऊ शकते, आणि तीही मुख्यतः अशी, की सरावात एक-दोन फेऱ्या जास्त मारता येतात आणि त्या सरावाने ताकद वाढते. १६०० मीटर मात्र पाच-सहा मिनिटांचं काम, तिथे धरण लागतं. वर क्रिएटिनने स्नायूंत पाणी धरलं जातं आणि सुरुवातीच्या दिवसांत वजन किलो-दीड किलो वाढतं. तो किलो १६०० मीटर वाहून न्यायचाय कुणाला? तुलाच. म्हणून भरतीच्या तोंडावर सुरू करायची ही गोष्ट नाही. सराव चालू असताना सुरू करावी आणि घड्याळ काय म्हणतं ते बघावं.

प्रमाण सोपं आहे. रोज ३ ते ५ ग्रॅम. पहिल्या आठवड्यात रोज २० ग्रॅम, चार वेळा वाटून, असं 'लोडिंग' सांगतात. त्याने हंडा आठवड्यात भरतो. रोज ३ ग्रॅमने महिन्याभरात भरतो. भरतो दोन्हीकडून सारखाच, आणि पोटाच्या तक्रारी होतात त्या एका वेळी फार घेतल्यावर. घाई नसलेल्याने लोडिंगच्या भानगडीत पडू नये. २५० ग्रॅमचा साधा डबा रोजच्या ३ ग्रॅमने ८३ दिवस जातो.

दोन इशारे मात्र द्यायला हवेत. मूत्रपिंडाचा आजार असेल त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. निरोगी माणसाला नेहमीच्या प्रमाणात त्रास झाल्याचं दिसलेलं नाही, पण रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिन थोडं वर दिसू शकतं. वैद्यकीय तपासणीच्या वेळी डॉक्टरांना आधीच सांगावं. दुसरं, डब्यावर एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक असावा, घटकांमध्ये क्रिएटिन मोनोहायड्रेट एवढंच लिहिलेलं असावं. सुटी पावडर, 'खास मिश्रण', 'गुप्त फॉर्म्युला' या गोष्टींच्या वाटेला जाऊ नये. क्रिएटिन खेळाडूंच्या बंदी यादीत नाही, पण मिश्रणात दुसरं काय घातलंय ते लेबल नेहमीच सांगतं असं नाही. रोज तपासणीच करतो, म्हणून हे ठासून सांगतो.

मग मी त्याला विचारलं, दिवसभरात खातोस काय? भात, पातळ डाळ, कधी भाजी, रात्री पुन्हा भात. दूध? ते डेअरीला. म्हशीच्या घरात पोराला दूध नाही, कारण दुधाचे पैसे पावडरीसाठी साठवायचे होते! एवढं ऐकल्यावर मी थोडा वेळ काही बोललो नाही. आपल्याकडे तालमीत खुराक हा शब्द होता. दूध, बदाम, तूप. ज्याला परवडत नसे तो भिजवलेले हरभरे खाई. त्या शब्दात पोट भरण्याची कल्पना होती. डब्याच्या जाहिरातीत पोट कुठेच दिसत नाही, फक्त दंड दिसतो.

ताईशी पुन्हा बोललो. पैसे तेवढेच ठेवून हिशोब बदलला. रोज अर्धा लीटर दूध घरात ठेवायचं. मूठभर शेंगदाणे, भिजवलेले हरभरे, डाळ घट्ट. एचसीएलच्या एका डब्याच्या पैशांत हे सगळं महिनाभर आणि साध्या मोनोहायड्रेटचा छोटा डबा, दोन्ही बसलं. ताई म्हणाली, "मग पावडर कशाला? दूधच पुरे की." तिचं म्हणणं अगदीच चूक नाही. पण पोराने मनात धरलेली गोष्ट पूर्ण नाकारली, की ते चोरून आणि वाईट आणतं, हेही मी गावात पाहिलं आहे. साधा डबा मीच आणून दिला.

त्याने वहीत सहा आठवड्यांच्या नोंदी ठेवल्या. वजन सव्वा किलो वाढलं. गोळा वीतभर पुढे पडू लागला. १०० मीटरमध्ये थोडा फरक, १६०० मीटर जवळपास तेवढंच. यातलं पावडरीचं किती, दुधाचं किती आणि रोजच्या घामाचं किती, हे एका पोराच्या वहीवरून सांगता येत नाही, आणि तसं सांगणाऱ्या दुकानदारावर विश्वास ठेवू नये.

डबा संपत आलाय. परवा त्याने फोनवर विचारलं, "मामा, दुसरा आणू का?" मी म्हटलं, आधी ताईला विचार, दूध घरात राहतंय की पुन्हा डेअरीला जातंय. राहत असेल तर आण.