तू बस, मी आणते

चौदा महिने मी माझ्या आईला खुर्चीत बसवून ठेवलं. कुणी तसं सांगितलं नव्हतं. भीती होती, माया होती, आणि आपण करतोय तेच बरोबर याची पक्की खात्री होती. ती खात्री कशी गेली ते लिहायला बसले आहे, कारण माझ्या ओळखीच्या तीन-चार घरांत आजही कुणीतरी असंच बसवलेलं आहे.

आई वाईला एकटी राहायची. वय एक्क्याऐंशी. सकाळी कृष्णेच्या घाटावर जायचं, ढोल्या गणपतीला नमस्कार करायचा, येताना भाजी घ्यायची, हा तिचा नेम. एका पहाटे ती न्हाणीघरात पडली आणि उजवं मनगट मोडलं. मी तिला पुण्याला घेऊन आले. आमच्या शेजारच्या काकू खुब्याचं हाड मोडल्यावर अंथरुणाला खिळल्या त्या पुन्हा उठल्याच नाहीत. ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. आईचं मनगटावर निभावलं, पुढच्या वेळी निभावेल असं नाही, हे माझ्या मनाने घेतलं.

प्लास्टर दीड महिन्यात निघालं. माझे नियम मात्र तसेच राहिले. पाणी हवं? तू बस, मी आणते. दाराची बेल वाजली? तू बस, मी बघते. भाजी निवडायला ती पूर्वी खाली जमिनीवर बसायची, ते बंद केलं. पूजासुद्धा खुर्चीवर बसून. फिरायला जायचा विषय काढला की मी पदपथाच्या उखडलेल्या फरशांची आठवण करून द्यायचे, आणि त्या खरोखरच उखडलेल्या होत्या. आई "बरं" म्हणायची. तिला ते पटलंय असं मी धरून चालले.

मग भाचीच्या लग्नात जेवणं झाल्यावर आई खुर्चीतून उठायला गेली आणि उठता येईना. दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा तिने माझ्याकडे पाहिलं. हात दे, असं त्या नजरेत नव्हतं. "उठू का?" असं होतं. माझ्या आईने, जिने मला चालायला शिकवलं, उठण्यासाठी माझी परवानगी मागितली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढच्या आठवड्यात फिजिओथेरपिस्टला घरी बोलावलं. तरुण मुलगा होता. त्याने आईला विचारलं, "आजी, हातांवर जोर न देता उठाल का?" तिला जमलं नाही. मग तो माझ्याशी जे बोलला, ते मी आजवर कुणाकडून ऐकलं नव्हतं. ठेच सगळ्यांनाच लागते, तो म्हणाला. ठेच लागल्यावर दुसरा पाय चटकन आणि पुरेसा पुढे टाकता आला, तर माणूस सावरतो. ते एक पाऊल टाकायला मांडीत ताकद लागते, घोट्यात चपळाई लागते. बसून राहिल्याने नेमकं तेच जातं. तिचं पडणं मी टाळत नव्हते, पुढचं पडणं तयार करत होते.

नंतर मी वाचत गेले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात बारा निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं होतं. तेवढ्यात त्यांच्या पायांचं चरबी सोडून उरलेलं, म्हणजे मुख्यतः स्नायूंचं वजन, जवळपास एक किलोने घटलं. दहा दिवसांत! आई दिवसभर अंथरुणात नव्हती, पण माझे महिने चौदा होते.

त्या फिजिओथेरपिस्टने आणखी एक प्रश्न विचारला होता: आजी पडल्या कशा? मला उत्तर देता आलं नाही. चौदा महिन्यांत मी तिला हे एकदाही विचारलं नव्हतं. ओल्या फरशीवर पाय घसरला असणार, हे मीच ठरवून टाकलं होतं. आई म्हणाली, "अगं, अंथरुणातून उठले तेव्हाच डोळ्यांपुढे अंधारी आली होती. तशीच गेले."

आमच्या डॉक्टरांनी आडवं असताना आणि उभं राहिल्यावर असा दोनदा रक्तदाब मोजला. उभी राहिली की तो चांगलाच उतरत होता. बीपीच्या गोळीचं प्रमाण त्यांनी बदललं, झोपेची गोळी टप्प्याटप्प्याने बंद केली. उठल्यावर पलंगाच्या काठावर मिनिटभर बसायचं आणि मगच पाय टाकायचा, हे तिला सांगितलं. इतकं साधं! म्हणजे सगळी बंधनं मी आईवर घातली, आणि जे बदलायला हवं होतं त्याला हातही लावला नाही. घराकडे तर पाहिलंच नव्हतं. न्हाणीघरात धरायला दांडी नव्हती. सरकणारं पायपुसणं दारातच होतं. रात्री जायच्या वाटेवर दिवा नव्हता. तिच्या सपातांचे तळ गुळगुळीत झाले होते. हे सगळं दोन दिवसांत दुरुस्त झालं.

मग मी दुसरी चूक केली. आता चालवायचंच, म्हणून माझ्या मुलाकडून पावलं मोजणारं घड्याळ आणवलं आणि दहा हजारांचा आकडा धरून बसले. हा आकडा १९६५च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावावरून रूढ झाला, हे नंतर कळलं. सरासरी बहात्तर वर्षांच्या अमेरिकी बायकांच्या एका मोठ्या पाहणीत दिवसाला साधारण चार हजार चारशे पावलं चालणाऱ्यांतसुद्धा मृत्यूचं प्रमाण कमी चालणाऱ्यांपेक्षा बरंच कमी दिसलं होतं. आई अडीच हजारांवर दमायची आणि मी तिला टोकायचे. तिथेही माझीच भीती बोलत होती, फक्त उलट्या बाजूने.

शिवाय नुसत्या चालण्याने पडणं टळत नाही. चालण्याचे फायदे भरपूर आहेत: हृदय, साखर, झोप, चार माणसं भेटणं. पण २०१९ साली शंभरावर चाचण्या एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष असा, की पडणं कमी होतं ते तोल आणि ताकद यांच्या व्यायामाने. निव्वळ चालण्याने होतं की नाही, याचा पुरावा अपुरा आहे. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात १९९०च्या दशकात म्हाताऱ्या माणसांसाठी घरी करायचे असे व्यायाम बसवले गेले. आईचे व्यायाम त्याच धर्तीचे आहेत. ओट्याला धरून टाचा उचलायच्या. टाचेला चवडा लावत भिंतीकडेने चालायचं. ओट्यावर एक बोट टेकवून एका पायावर उभं राहायचं. खुर्चीतून उठायचं, बसायचं, पुन्हा उठायचं. पहिले पंधरा दिवस ती दोनदा उठायची. चार महिन्यांनी हात छातीशी धरून दहा वेळा उठली आणि "मोज गं नीट," म्हणाली.

माझा भाऊ फोनवर विचारतो, "पडली तर जबाबदार कोण?" मीही वर्षभर हाच प्रश्न इतरांना केला आहे, म्हणून त्याचा राग येत नाही. त्याला मी सांगते, ती बसून होती तेव्हाही जबाबदार मीच होते. त्या दुखापतीचा एक्स-रे निघत नाही, एवढंच.

आणि ती पडली, हेही सांगते. गेल्या महिन्यात सोसायटीच्या फाटकाशी, माझ्या डोळ्यांदेखत. उंचवट्याला पाय अडला, दुसरा पाय तिने पुढे टाकला, तरी पूर्ण सावरता आलं नाही आणि ती गुडघ्यावर टेकली. गुडघा खरचटला, साडी फाटली, हाड शाबूत. घरी आल्यावर ती हळद आणायला उठू लागली आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "तू बस..." पुढचे शब्द मी गिळले. आईने ते ऐकलं असावं, कारण ती क्षणभर थांबली. मग स्वयंपाकघरात गेली आणि हळदीचा डबा घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मला जाग आली ती तिच्या बुटांच्या वेल्क्रोच्या आवाजाने. मी काही न बोलता माझे बूट शोधायला लागले.