मिओचा सूड

ओसामू तेझुकाच्या 'दोरोरो' या मांगात, म्हणजे जपानी चित्रकथेत, मिओच्या वाट्याला जेमतेम काही पानं आली आहेत. लढाईत आईबाप गमावलेल्या पोरांना पडक्या देवळात सांभाळणारी मुलगी. आंधळा, बहिरा, लाकडी हातापायांचा ह्याक्किमारू तिच्यावर जीव लावतो. एक दिवस सामुराई येतात आणि तिला पोरांसकट मारून टाकतात. ह्याक्किमारू परततो, समोर काय पडलंय ते त्याला उमगतं, आणि मग त्या सामुराईंपैकी कुणीही वाचत नाही. हे सारं तो दोरोरो नावाच्या चोरट्या पोराला मागची हकिकत म्हणून सांगतो. हकिकत संपते आणि दोघं चालू लागतात.

मी ही पानं वाचली ती पुण्यातल्या हॉस्टेलवर. तेझुकाचा 'बुद्ध' आधी वाचून झाला होता, त्यामुळे नाव ओळखीचं होतं. 2008 साली न्यूयॉर्कच्या व्हर्टिकल या प्रकाशनाने 'दोरोरो' इंग्रजीत तीन खंडांत काढला. ते खंड एका मित्राच्या मित्राकडून फिरत फिरत माझ्या खोलीत आले आणि बरेच दिवस तिथेच राहिले. पंधराव्या शतकातला, लढायांनी पोखरलेला जपान. सत्तेसाठी दायगो कागेमित्सु नावाचा सरदार पोटच्या पोराचे अठ्ठेचाळीस अवयव अठ्ठेचाळीस राक्षसांना देऊन टाकतो. नदीत सोडलेला तो मांसाचा गोळा एका वैद्याच्या हाती लागतो. वैद्य त्याला लाकडाचे हातपाय करून देतो आणि हातांच्या पोकळीत तलवारी बसवतो. मोठा झाल्यावर एकेक राक्षस मारायचा आणि आपला एकेक अवयव परत मिळवायचा, हाच त्या पोराचा उद्योग. तेझुका स्वतः शिकलेला डॉक्टर, त्यामुळे शरीर सुटं करून पुन्हा जोडण्याची ही कल्पना त्याच्या हातात शोभते.

त्या वयात मला आवडला तो दाताने लाकडी हात उपसून काढणारा ह्याक्किमारू. खाली लखलखतं पातं. आमच्या घरी तेव्हा चुलत्यांशी बांधावरून वैर चाललं होतं. तारखा पडत, वकील बदलत, दिवाळीला दोन्ही घरांचे फटाके एकमेकांच्या अंगणाकडे तोंड करून वाजत. या रेंगाळलेल्या, चहा पीत पीत चालणाऱ्या वैरापुढे तेझुकाने चार पानांत उरकलेला सूड फार स्वच्छ वाटायचा.

'दोरोरो' 1967 साली 'शोनेन संडे'त सुरू झाला, पुढच्या वर्षी मध्येच थांबला आणि 1969 मध्ये दुसऱ्या मासिकात घाईघाईने संपवला गेला. त्याच वर्षी तेझुकाच्याच मुशी प्रॉडक्शनने त्यावर सव्वीस भागांची कृष्णधवल मालिका केली. ती इथे बाजूला ठेवतो. मला बोलायचंय ते 2019च्या चोवीस भागांच्या मालिकेबद्दल. माप्पा आणि तेझुका प्रॉडक्शन्स यांनी ती केली, दिग्दर्शक काझुहिरो फुरुहाशी. 'रुरोनी केन्शिन'ची जुनी मालिका याच माणसाची. अठ्ठेचाळीस राक्षसांचे त्यांनी बारा केले, ते बरंच झालं. पण मिओच्या गोष्टीचं त्यांनी काय केलं ते बघताना मी लॅपटॉपपासून हललो नाही.

मांगातला ह्याक्किमारू पहिल्यापासून बोलतो. ओठ हलत नाहीत, मनातलं थेट दुसऱ्याच्या मनात उतरतं, आणि तो चांगला बोलघेवडा, खवचट आहे. मालिकेने त्याची ही सोय काढून घेतली. चौथ्या भागाच्या शेवटी त्याला कान परत मिळतात, आणि जगातला पहिला आवाज ऐकू येतो तो भाऊ गेलेल्या एका बाईच्या रडण्याचा. पाचव्या भागात तो त्या कानांनी हैराण झालेला आहे. सगळे आवाज एकाच जोराने अंगावर येतात. अशा वेळी त्याला मिओचं गाणं ऐकू येतं आणि तो शांत होतो. मांगाच्या कागदावर ही गोष्ट घडणंच शक्य नव्हतं.

बाबांना श्रवणयंत्र बसवलं त्याच्या पहिल्या संध्याकाळी मला हा भाग आठवला. आईने कुकर लावला होता. पहिल्या शिट्टीला बाबा खुर्चीतून अर्धे उठले. मग ताटं मांडल्याचा आवाज, पंख्याची घरघर, माझं नाक ओढणं. जेवण होईपर्यंत यंत्र शर्टाच्या खिशात गेलं होतं. "इतका गोंगाट करता तुम्ही लोक?" म्हणाले. काही दिवसांनी मी त्यांना पाचवा आणि सहावा भाग लागोपाठ दाखवला. जपानी कळायचा प्रश्नच नव्हता, मी शेजारी बसून सांगत होतो.

मालिकेतली मिओ रात्री सैनिकांच्या छावणीत जाते, शरीर विकते आणि सकाळी पोरांसाठी अन्न आणते. ह्याक्किमारूला डोळे नाहीत, पण त्याला माणसांचे जीव ज्योतीसारखे दिसतात. आपला जीव मळलेला दिसत असेल, या भीतीने ती त्याच्यासमोर अवघडते. नाना मिझुकीने तिला आवाज दिलाय, आणि तो कुठेही बिचारा होत नाही. पोरांना निवारा मिळावा म्हणून ह्याक्किमारू राक्षसाशी लढायला जातो. या लढाईत त्याला गळा परत मिळतो, पाय जातो, आणि त्या गळ्यातून पहिली निघते ती किंकाळी. मिओ दोन्ही पक्षांच्या छावण्यांत जाते, म्हणून दायगोचे सैनिक तिला हेर ठरवतात. ह्याक्किमारू पोचतो तेव्हा देऊळ जळत असतं.

मग कत्तल होते, मांगात होते तशीच. फरक एवढाच की मांगात ती दोरोरो भेटण्याआधी घडून गेलेली आहे, आणि मालिकेत दोरोरो तिथे हजर आहे. शेवटचा सैनिक गयावया करत असताना ते एवढंसं पोर ह्याक्किमारूला चिकटतं आणि ओरडतं, थांब. आंधळा बिवावादक भिक्षू लांबून बघतो की ह्याक्किमारूच्याच जिवावर तांबडा रंग चढत चाललाय, राक्षसांचा असतो तोच. गोष्टीतल्या घटनांचा क्रम नुसता बदलला, आणि जी आठवण होती तिचा पेच झाला. रूपांतर करणाऱ्यांनी मूळ गोष्टीशी इमान कसं राखावं यावर लोक तावातावाने बोलतात. मला हा एक बदल दहा तंतोतंत उतरवलेल्या पानांपेक्षा अधिक इमानी वाटतो.

तरी मांगातल्या कोरडेपणाची बाजू सोडवत नाही. 1945च्या ओसाकावरच्या बॉम्बहल्ल्यातून तेझुका वाचला होता. त्याच्या ह्याक्किमारूला अडवायला कुणीच नाही, आणि लढायांमध्ये बहुतेक वेळा असंच असतं. मालिकेत मिओने जपलेली बियाण्याच्या भाताची पिशवी शेवटी पुढे येते. तिथे संगीतही जरा जास्तच मदतीला धावतं. तेझुकाने ही पिशवी दिली नसती, किंवा दिली असती तर पुढच्या चौकटीत कुणीतरी ती चोरली असती.

बाबा सहावा भाग संपेपर्यंत यंत्र कानात ठेवून बसले. चुलत्यांचा खटला तोवर मिटला होता. म्हणजे दोन्हीकडचे वकील वारले होते आणि बांध रस्त्यात गेला होता. "हे पोर कोण, मध्ये पडणारं?" त्यांनी विचारलं. चोर आहे, मी म्हटलं. "मग बरोबर. घरचं कुणी पडलं नसतं." मी लॅपटॉप मिटायला लागलो तर त्यांनी हात केला, पुढचा लाव म्हणून.

सातव्या भागात माणसांच्या जिवावर जगणारी कोळीण आहे, बाईचं रूप घेतलेली. एका गावकऱ्याने तिला मरताना वाचवलंय. ह्याक्किमारू तलवार काढून तिच्यावर जातो, तिच्या जिवाचा रंग पाहतो आणि तिला जाऊ देतो. त्याला एव्हाना बोलता येतं, तरी का सोडलं ते तो सांगत नाही. बाबांना तो भाग संथ वाटला.