शिट्टी येते का?

शनिवारी सकाळी माझे मित्र सिंहगड चढायला जातात आणि मी घरी टीव्ही उघडून बसतो. एकेकाळी पुण्यातल्या गच्च्यांवरचे अँटेना त्याच सिंहगडाकडे तोंड करून उभे असायचे, कारण दूरदर्शनचा टॉवर तिथे आहे. तेव्हा आमचं दोघांचंही लक्ष गडाकडेच असतं, असं मी त्यांना सांगतो. त्यांना काही हे पटत नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आठवडाभर बॅकएंडचा कोड लिहितो आणि सुट्टीच्या दिवशी पिक्चर ट्यूबवाले जुने टीव्ही दुरुस्त करतो. हे ऐकलं की लोक लगेच ‘अरे वा, नॉस्टॅल्जिया!’ म्हणतात. पण नॉस्टॅल्जिया कशाचा? मुंबई दूरदर्शन सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 ला आणि आपल्याकडे रंगीत प्रक्षेपण आलं 1982 मध्ये. माझा जन्म त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाला. ‘गजरा’ आणि ‘छायागीत’ ही मला फक्त आईच्या गप्पांतून ठाऊक असलेली नावं. आमच्या घरचा टीव्ही 21 इंची रंगीत होता आणि त्यावर मी कार्टून बघायचो. ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही माझ्या कुठल्याच आठवणीत नाही.

मला हा नाद लागला तो एका आडव्या रेघेमुळे.

जुन्या बाजारात एका रविवारी मी 14 इंची पोर्टेबल सेट तीनशे रुपयांना घेतला. घरी आणून चालू केला, तर पडद्याच्या मधोमध फक्त एक झगझगीत पांढरी रेघ. त्याआधी टीव्हीवर चित्र कसं उमटतं याचा मी कधी विचारच केला नव्हता. आपल्या मोबाइलच्या स्क्रीनवर लाखो ठिपके आपापल्या जागी बसलेले असतात. पिक्चर ट्यूबमध्ये असं काही नसतं. मागच्या बाजूला एक तापलेला कॅथोड असतो. त्यातून इलेक्ट्रॉनचा एकच झोत निघतो आणि काचेच्या आतल्या लेपावर आदळतो, तेवढाच ठिपका उजळतो. ट्यूबच्या मानेवर तांब्याच्या तारेची वेटोळी असतात, त्यांना योक म्हणतात. योक त्या झोताला डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली ओढत नेतो. आपल्याकडच्या पद्धतीत एका चित्रासाठी 625 ओळी आणि सेकंदाला 25 चित्रं. कुठल्याही एका क्षणी पडद्यावर खरं तर एकच ठिपका रंगवला जात असतो. बाकीचं चित्र त्या लेपाची रेंगाळणारी चमक आणि आपले डोळे मिळून पुरं करतात. अशा टीव्हीचा मोबाइलवर व्हिडिओ काढून बघा, पडद्यावरून काळा पट्टा सरकताना दिसेल. आपल्या डोळ्यांइतकं कॅमेऱ्याला फसवता येत नाही.

म्हणजे माझ्या सेटमध्ये झोत आडवा धावत होता, पण त्याला वर-खाली नेणारा भाग मेला होता. एका रेघेने एवढं सगळं सांगून टाकलं होतं. ऑफिसात दोन दिवस लॉग वाचूनही बग इतक्या सरळपणे बोलत नाही.

तरीही मला पुढे काय करायचं ते माहीत नव्हतं. विचारत विचारत मी पेठेतल्या एका बोळात काकांच्या दुकानात पोचलो. काकांची सत्तरी उलटली आहे. दुकान जेमतेम दहा बाय आठचं, आणि आता तिथे मुख्यतः मिक्सर आणि इस्त्र्या येतात. त्यांनी सेटकडे पाहिलं आणि आधी ब्राइटनेस कमी केला. “सगळा झोत एकाच रेघेवर पडतोय. तिथला लेप जळेल, मग दुरुस्त करून उपयोग काय?” मग मागचं झाकण उघडलं, बोर्डावरच्या एका आयसीच्या पायांवर लाकडी काडीने हलकेच दाबलं, आणि रेघ फुलून अख्खा पडदा झाला. ड्राय सोल्डर. आयसी वर्षानुवर्षं तापत आणि थंड होत राहिली की तिच्या पायांशी सोल्डरला केसाएवढी चीर पडते. काकांनी सोल्डरगन माझ्या हातात दिली. “लाव, इंजिनिअर.”

तेव्हापासून ते मला इंजिनिअर म्हणतात. त्यात किती कौतुक आणि किती थट्टा, हे मला अजून कळलेलं नाही.

काकांनी आधी शिकवलं ते जिवंत कसं राहायचं. ट्यूबच्या वरच्या अंगाला रबरी टोपीखाली जी जाड वायर जाते, तिच्यात ब्लॅक अँड व्हाइट सेटमध्येही दहा-पंधरा हजार व्होल्ट असतात. प्लग काढला तरी ट्यूब तो चार्ज धरून ठेवते, म्हणून काम सुरू करण्याआधी तो नीट उतरवावा लागतो. बऱ्याच सेटमध्ये चॅसी थेट मेनशी जोडलेली असते. काम करताना एक हात पाठीमागे ठेवायचा. नवीन आलेला सेट थेट प्लगला कधीच लावायचा नाही, आधी सिरीज बल्ब. शंभर वॉटचा साधा बल्ब सेटच्या वाटेत जोडायचा. तो भपकन पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, पेटून मंद झाला तर पुढे जायला हरकत नाही. (हे वाचून कोणी घरचा जुना टीव्ही उघडायला घेऊ नका. माझ्या शेजारी पहिले सहा महिने काका बसलेले होते.)

मग शिट्टी. 625 ओळी गुणिले सेकंदाला 25 चित्रं म्हणजे 15,625. झोत सेकंदाला इतक्या वेळा आडवा धावतो, आणि त्याच वारंवारतेने एलओटी नावाचा ट्रान्सफॉर्मर अगदी बारीक थरथरतो. त्यातून एक टोकदार शिट्टी निघते. सेट चालू केल्यावर ती ऐकू आली, तर आडवा भाग आणि हाय व्होल्टेजचा भाग जागा झाला असं धरायचं. पडद्यावर काही दिसण्याआधीच हे कळतं. पण इतका वरचा आवाज वयाबरोबर ऐकू येईनासा होतो. काकांना तो गेली कित्येक वर्षं ऐकू आलेला नाही. पूर्वी दुकानात पोरगा कामाला होता, तो सांगायचा. आता सेट चालू केला की काका माझ्याकडे बघतात. “शिट्टी येते का?”

अशा कामात वर्ष-दीड वर्ष गेलं. माझ्याकडे चार सेट झाले. सुकलेले कंडेन्सर बदलायला मी तपकीर गल्ली पालथी घालायला लागलो. एक अडचण मात्र राहिलीच, ती म्हणजे टीव्ही दुरुस्त झाल्यावर बघायचं काय? दूरदर्शनने 2021-22 च्या सुमारास आपले बहुतेक ॲनालॉग ट्रान्समीटर बंद केले. आता अँटेना लावला तर पडद्यावर नुसत्या मुंग्या. मी एका रास्पबेरी पायमधून चित्र काढतो, मॉड्युलेटरमधून ते जुन्या व्हीएचएफ चॅनलवर चढवतो आणि वायरने टीव्हीच्या पाठीत घालतो. म्हणजे टेबलावर बसलेलं एका घरापुरतं दूरदर्शन केंद्र. त्यावर मी पाचेक मिनिटं काहीतरी लावायचो, फोटो काढायचो आणि सेट बंद करून वर कापड टाकायचो.

मागच्या पावसाळ्यात एका सहकाऱ्याने त्याच्या आजीचा टीव्ही दाखवला. 20 इंची, लाकडी कॅबिनेट, दोन्ही बाजूंनी सरकणारं शटर, खाली चार पाय. ‘रामायण’ लागायचं तेव्हा आजींच्या वाड्यातली सगळी मंडळी ह्याच सेटपुढे बसायची. वाडा जाऊन सोसायटी झाली, आजोबाही गेले, आणि शटरवर क्रोशाचा रुमाल घालून टीव्ही हॉलमध्ये राहिला. आजींना त्यावर एकच गोष्ट बघायची होती, मुलाच्या लग्नाची कॅसेट. कॅसेटचा व्हिडिओ नातवाने मोबाइलवर करून दिला होता. “त्यात माणसं मुंग्यांएवढी दिसतात रे,” आजी म्हणाल्या. “आणि हे कुठल्या कोपऱ्यात उभे आहेत तेच सापडत नाही.”

सेट चालू करणं फार अवघड गेलं नाही. कंडेन्सर बदलले, व्हॉल्यूमचा कंट्रोल साफ केला. शिट्टी आली. पण चित्र वर यायला दहा मिनिटं लागली, आणि आलं तेही राखाडी, पांढऱ्या जागी चंदेरी डाग पसरलेलं. ट्यूब वीक झाली होती. कॅथोडवर एक लेप असतो, इलेक्ट्रॉन त्यातूनच सुटतात. सेट जितके तास चालतो तितका तो लेप झिजतो आणि तो पुन्हा चढवता येत नाही. अशा ट्यूब आता कोणी बनवत नाही. दुसरी हवी असेल तर दुसऱ्या एखाद्या चालू सेटमधून काढायची.

काकांनी दोन रस्ते सांगितले. एक म्हणजे आहे तसं ठेवायचं. खोलीत अंधार करून बघितलं तर अंधुक दिसेल, आणि अधूनमधून लावला तर ट्यूब बरीच वर्षं निघेल. दुसरा म्हणजे हीटरचं व्होल्टेज थोडं वाढवून ट्यूब बूस्ट करायची. कॅथोड जास्त तापेल, चित्र उजळेल, पण उरलेलं आयुष्य भराभर जळेल. कदाचित पहिल्याच दिवशी सगळं संपेल.

मला पहिला रस्ता हवा होता. चाळीस वर्षांची ट्यूब, अजून श्वास चालू आहे, तिला कशाला हात लावायचा? काका म्हणाले, “तुला म्युझियम करायचंय की टीव्ही? आणि टीव्ही कोणाचा आहे? त्यांना विचार.”

मी आजींना सगळं समजावून सांगितलं. उजळ केलं तर फार दिवस टिकणार नाही, हे दोनदा सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

“नाही केलं तर माझ्यानंतरही चालेल?”

“चालू शकेल.”

“मग कोण बघणार? हा?” त्यांनी नातवाकडे पाहिलं. तो मोबाइलमध्ये होता. “माझ्या डोळ्यांना अंधुकात दिसत नाही बाळा. उजळ करून दे.”

काकांनी व्होल्टेज थोडंसंच वाढवलं. पाच मिनिटांत चित्र आलं. मांडव, बँड, फेट्यातला नवरदेव. अक्षता वाटणाऱ्या एका माणसाशी आजींनी बोट नेलं आणि पडद्यापासून वीतभर अंतरावर थांबवलं. काही बोलल्या नाहीत. कॅसेट अडीच तासांची होती, त्या पूर्ण बसल्या. आम्हीही बसलो, मध्ये पोहे झाले.

त्या दिवसापर्यंत दुरुस्ती म्हणजे वस्तू वाचवणं, असं मी धरून चाललो होतो. पण टीव्ही वाचवायचा म्हणजे तो बंद ठेवायचा, आणि बंद टीव्ही हे चार पायांचं कपाट असतं. त्यात जे तास शिल्लक असतात ते कुणीतरी खर्च करण्यासाठीच असतात. दुरुस्त करणाऱ्याने ते मिळवून द्यावेत. खर्च कसे करायचे ते ज्याचं त्याने ठरवावं. आजींना हा हिशोब माझ्याआधी येत होता.

आता माझ्या चार सेटवर कापड नसतं. शनिवारी काम आटपलं की त्यातल्या एकावर आम्ही अख्खा सिनेमा बघतो, गडावरून परतलेले मित्रही येतात. आजींचा टीव्ही अजून चालतोय. दिवाळीनंतर मी बघून आलो, चित्र थोडं उतरलंय. आजी दर रविवारी कॅसेटचा एखादा तुकडा लावतात, बहुतेक वेळा अक्षतांचाच.

काका आता दुकान आठवड्यातून तीनच दिवस उघडतात. गेल्या महिन्यात सांगलीकडून एक सेट आला, आत उंदरांनी घर केलेला. तो साफ करायला दोन शनिवार गेले. सिरीज बल्ब पेटून मंद झाला आणि काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी अठ्ठावीस वर्षांचा आहे, मला अजून काही वर्षं हा आवाज ऐकू येईल. पंखा बंद करून मी कान लावला.

“येते, काका.”

“मग बघत काय बसलास? ट्यूब तापू दे.”