मिरज ते दापोली : सात माणसं, तीन रांगा

अम्मींची धाकटी बहीण, म्हणजे आमच्या खाला, दापोलीजवळच्या एका गावात राहतात. दोघी बहिणींची गाठ पडून चार वर्षं झाली होती. दर सुटीत आम्ही विचारायचो आणि दर वेळी अम्मींचं एकच उत्तर असायचं, “तुम्ही जाऊन या. मला गर्दी सोसत नाही आता.” आम्ही ते खरं मानलं होतं. यंदा दिवाळीच्या सुटीत खालांच्या नातीचा निकाह ठरला, तेव्हा मात्र अम्मींना नाही म्हणता आलं नाही.

माणसं सात. अम्मी, आम्ही उभयता, आमची दोन मुलं, धाकटा भाऊ आणि भावजय. गेलं वर्षभर आम्ही दोघे भाऊ मोठ्या गाडीसाठी थोडे थोडे पैसे बाजूला टाकतो आहोत. तेव्हा भावाच्या दोस्ताची उंच, रुबाबदार एसयूव्ही मागून घेतली. म्हटलं, सफरही होईल आणि गाडीची परीक्षाही. मास्तरांच्या घरात परीक्षेशिवाय काही होत नाही!

फजरनंतर दुआ पढून निघालो. भाऊ गाडी चालवत होता, शेजारी आम्ही. मधल्या रांगेत डाव्या दाराशी अम्मी, मग भावजय आणि आमचा मुलगा. मागे तिसऱ्या रांगेत बेगम आणि दहा वर्षांची मुलगी. सामान डिकीत मावेना, म्हणून दोन पिशव्या मागच्या दोघींच्या पायाशी आल्या. पेठ नाक्यावरून कराडपर्यंत हायवे गुळगुळीत. चांगल्या रस्त्यावर कुठलीही सीट चांगलीच वाटते. आम्ही पुढे बसून गाडीची तारीफ करत होतो.

पाटणला चहासाठी थांबलो आणि पहिला धडा मिळाला. तिसऱ्या रांगेतल्या माणसाला स्वतःचं दार नसतं. मधली डावी सीट दुमडून पुढे उलटवायची, तेव्हा मागचे बाहेर येणार. म्हणजे मुलीला उतरायचं असेल तर आधी बहात्तर वर्षांच्या दादीने उतरायचं. गाडी उंच, पायरी अरुंद, अम्मींचे गुडघे दुखरे. स्टुलावरून उतरावं तशा त्या दाराला धरून उतरल्या आणि चढताना भावाने हात दिला.

कोयनानगरला अम्मी म्हणाल्या, “मी गाडीतच बसते. तुम्ही पाय मोकळे करून या.” अम्मी उतरल्या नाहीत, म्हणून मागच्या दोघीही उतरल्या नाहीत. आम्ही मात्र मजेत धरणाच्या बाजूचे डोंगर बघत उभे होतो.

पुढे कुंभार्ली घाट. पाऊस नुकताच संपलेला, दऱ्या हिरव्यागार, खाली कोकण धुक्यात बुडालेलं. हे सगळं आम्हाला दिसलं. मागच्या रांगेला दिसलं नाही. तिथली खिडकी लहान, समोर मधल्या सीटची पाठ. शिवाय ती सीट मागच्या चाकांच्या वर, म्हणून प्रत्येक खड्डा आधी तिथे पोहोचतो आणि वळणावर हेलकावाही तिथेच जास्त. घाट उतरून पोफळीला आलो तेव्हा मुलीचा चेहरा पांढरा पडला होता. गाडी थांबवली, तिला पाणी दिलं. तिने बाटली दादीपुढे धरली आणि सहज सांगून टाकलं, “दादी सकाळपासून पाणी पीतच नाहीत. प्यायलं की उतरावं लागतं ना.”

गाडीत कुणी बोललं नाही. चार वर्षांची ती “गर्दी” काय होती, ते आम्हाला त्या दिवशी समजलं. अम्मींना माणसांची गर्दी नकोशी नव्हती. वारंवार गाडी थांबवायला सांगणं, आपल्यासाठी सगळ्यांना ताटकळत ठेवणं आणि त्या पायरीची भीती, हे त्यांना नको होतं. आणि बेगम? तिचे गुडघे अडीच तास छातीशी आले होते. विचारलं तर म्हणाली, “मुलगी होती ना सोबत, गेला वेळ.” ज्याची तक्रार नसते, त्याच्या वाट्याला मागची सीट येते. आमच्या घरात हे किती दिवसांपासून चाललंय, कोण जाणे.

चिपळूण, परशुराम घाट, भरणे नाका करत जोहरच्या सुमारास दापोली गाठली. दोघी बहिणी दारातच गळ्यात पडल्या. निकाह झाला, दावत झाली, खालांच्या हातचं सांदणही झालं.

परतीला आम्ही गाडी बदलली. सांगलीचे साडू चौघंच जण आले होते, तेही बसक्या, लांबट सातसीटर एमपीव्हीतून. त्यांनी खुशीने अदलाबदल केली. या वेळी तिसऱ्या रांगेत आम्ही आणि मुलगा बसलो. या गाडीत मधली सीट पुढे-मागे सरकत होती. अम्मींनी ती चार बोटं पुढे घेतली आणि आमच्या गुडघ्यांना जागा झाली. छतावरच्या एसीचा झोत मागेही येत होता. जमीन ठेंगणी असल्याने अम्मी आधी सीटवर टेकल्या आणि मग पाय आत घेतले. कुणाच्या हाताची गरज पडली नाही. इन्साफाने सांगायचं तर खालांच्या गल्लीतल्या दगडांना हीच गाडी दोनदा घासली. उंच गाडी तिथून आरामात आली होती. दीड तासाने आमची पाठही बोलू लागली. तिसरी रांग शेवटी तिसरीच असते.

घरी आल्यावर आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. पुढचं चाक आणि मागचं चाक यांतल्या अंतराला व्हीलबेस म्हणतात. माणसांची जागा बरीचशी त्यावर ठरते, अशी आमची समजूत होती. एर्टिगाचा व्हीलबेस २७४० मिलिमीटर आणि २०२१ साली आलेल्या टाटा सफारीचा २७४१, म्हणजे एका मिलिमीटरचा फरक! एक्सयूव्ही ७०० आणि इनोव्हा क्रिस्टा यांचा २७५०, कॅरेन्सचा २७८०, इनोव्हा हायक्रॉसचा २८५०. पण तिन्ही रांगा उभ्या असताना एर्टिगाच्या डिकीत २०९ लिटर जागा उरते, कॅरेन्समध्ये २१६ आणि त्या सफारीत ७३. म्हणजे नुसत्या मापावरून किंवा बाहेरच्या रुबाबावरून आतलं काही कळत नाही. स्कॉर्पिओ-एन, फॉर्च्युनर यांसारख्या गाड्यांत खाली ट्रकसारखी वेगळी चौकट असते. त्या खराब रस्त्याला दणकट, पण त्यामुळे आतली जमीन वर येते. जमीन वर आली की बसणाऱ्याचे गुडघेही वर येतात.

वाचक बंधू-भगिनींनो, तुमच्याही घरात अशी गाडी घ्यायचा विचार असेल तर आमच्या चुकीवरून एवढं जरूर करा. शोरूममध्ये आधी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला तीनदा चढून-उतरून बघू द्या. मधली सीट नेहमीसारखी लावून उंच माणसाने तिसऱ्या रांगेत वीस मिनिटं बसावं. मांड्या सीटला टेकतात की हवेत राहतात, पावलं पुढच्या सीटखाली जातात का, डोकं छताला लागतं का, ते पाहावं. घरून दोन भरलेल्या बॅगा नेऊन डिकीत ठेवाव्यात. आणि प्रत्येक सीटचा पट्टा ओढून लावून पाहावा. मागे बसणाऱ्यांनाही पट्टा बंधनकारक आहे. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात पट्टा न लावल्यास १००० रुपये दंड आहे, आणि १४ वर्षांखालच्या मुलाला पट्ट्याविना बसवलं तरी तेवढाच. जुन्या गाड्यांत मागे समोरासमोर आडव्या सीट असत. तिथे मुलं कोंबण्याची आपली सवय आता सोडायला हवी.

परतताना कोयनानगरला अम्मी स्वतःहून उतरल्या. डोंगराकडे बघत सावकाश चहा घेतला आणि म्हणाल्या, “अजून एक सांग.”

आमची गाडी अजून आलेली नाही. पैसे थोडे कमी पडताहेत. पण बघायला जातो तेव्हा अम्मी सोबत असतात. विक्रेता इंजिनाबद्दल सांगू लागला की त्या दार उघडून आधी पायरी बघतात.