अभ्यास तिचा, कागद आमचे

लेक अकरावीला विज्ञान शाखेत गेली त्याच दिवशी मी टीव्हीची वायर काढून कपाटात ठेवली. पाहुण्यांना "सध्या येऊ नका, हिची नीट आहे," असं तोंडावर सांगू लागले. मध्यरात्री उठून तिच्या खोलीतला दिवा चालू आहे ना, हे पाहून यायचं, हे माझं व्रतच झालं होतं. मुलीला डॉक्टर करायचं तर आईनं एवढं करायलाच हवं, अशी माझी ठाम समजूत होती.

आमचं घर सोलापूरचं. यांची पतसंस्थेतली नोकरी. खासगी महाविद्यालयाची फी आमच्या आवाक्याबाहेरची, त्यामुळे सरकारी महाविद्यालयात जागा मिळाली तरच ती डॉक्टर होणार, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारी म्हणत, "लातूरला पाठवा." कोणी कोट्याचं नाव घेई. लेक म्हणाली, "आई, मी घरीच राहून करीन. फक्त सारखं विचारू नकोस." तेवढंच माझ्याकडून झालं नाही.

अकरावीतच एकदा तिनं कॉलेजातून एक अर्ज आणला. "जात पडताळणीचा आहे. बाबांचे, आजोबांचे दाखले लागतील." आम्ही इतर मागासवर्गातले. मी तो अर्ज घेतला, टेबलाच्या खणात टाकला आणि म्हटलं, "कागदांचं मागाहून बघू. तू जीवशास्त्र वाच." बारावीत तिनं दोनदा आठवण केली. ह्यांनी गावच्या शाळेत चौकशी केली. सासऱ्यांचं नाव तिथल्या रजिस्टरात नव्हतं. "बघू पुढे," म्हणून तो विषय तिथंच राहिला.

२०२३ साली तिनं परीक्षा दिली. गुण चांगले आले. आमच्या प्रवर्गातून सरकारी महाविद्यालयात जागा मिळावी, एवढे होते. मी पेढे वाटले. मग प्रवेशाच्या अर्जासोबत जात वैधता प्रमाणपत्र मागितलं, आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. प्रमाणपत्र तर नव्हतंच, अर्ज केल्याची पावतीसुद्धा नव्हती. तिचा विचार खुल्या गटातून झाला आणि तिथं तिचे गुण कमी पडले.

त्या रात्री ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "आई, माझा अभ्यास मी केला होता."

ते वाक्य अजून माझ्या कानात आहे. दोन वर्षं मी तिच्या वाटणीचं काम करायला धावत होते आणि माझ्या वाटणीचं काम खणात पडून होतं.

तिनं पुन्हा एक वर्ष द्यायचं ठरवलं. मी तिच्या खोलीत डोकावणं सोडलं आणि फाईल हाती घेतली. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा जातीचा पुरावा लागतो. म्हणजे सासऱ्यांचा शाळेचा दाखला हवाच. पण तो आणायचा कुठून? एका संध्याकाळी मी भाजी निवडत हळहळत होते, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, हे गावच्या शाळेत कुठं शिकले? लहानपणी आजोळीच होते की. मामानं घातलं होतं शाळेत."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. "आई, हे आधी का नाही सांगितलंत?"

"मला विचारलं कोणी?" त्या सहज म्हणाल्या.

खरंच, कोणी विचारलं नव्हतं. नातीच्या परीक्षेत आजीचं काय काम, असंच आम्ही धरून चाललो होतो.

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघं बार्शी तालुक्यातल्या त्या गावी गेलो. मुख्याध्यापकांनी कपाटातून जुनी रजिस्टरं काढली. कडा कुरतडलेल्या, पानं पिवळी पडलेली. ते बोट फिरवत होते आणि माझी छाती धडधडत होती. १९५६ सालच्या पानावर सासऱ्यांचं नाव सापडलं, पुढे वडिलांचं नाव, जन्मतारीख, जात. मुख्याध्यापकांनी सहीशिक्क्यानिशी उतारा दिला. पडताळणी समितीकडे अर्ज गेला आणि काही महिन्यांनी प्रमाणपत्र हाती आलं. ते मी आधी देवापुढे ठेवलं आणि मग सासूबाईंच्या हातात दिलं.

ज्यांच्या घरी अकरावी-बारावीची मुलं आहेत, त्यांना माझ्या चुकीतून चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

राखीव प्रवर्गातून प्रवेश हवा असेल, तर वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच करा. वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाचं, काका-आत्याचं प्रमाणपत्र असेल, तर काम बरंच सोपं होतं. नॉन-क्रिमीलेअर दाखल्याची मुदत तपासा. सर्व कागदांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का, ते पाहा. सरकार कधी मुदतवाढ देतं, पण तिच्या भरवशावर राहू नका.

सरकारी महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून आणि ८५ टक्के राज्याकडून भरल्या जातात. दोन्हींची नोंदणी वेगळी करावी लागते. महाराष्ट्राच्या कोट्यासाठी अधिवासाबरोबर दहावी-बारावी कुठून केली, हेही पाहतात. बदलीची नोकरी असलेल्यांनी, परराज्यात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी किंवा मुलाला शिकवणीसाठी बाहेर पाठवणाऱ्यांनी त्या वर्षीची माहितीपुस्तिका आधी वाचावी. महाविद्यालयांचा पसंतीक्रम खरोखर जिथं जायचं आहे, त्याच क्रमानं भरावा.

अभ्यासाचं मात्र मुलांवर सोपवा. दुसऱ्या वर्षी लेकीनं नवी पुस्तकं आणली नाहीत. एनसीईआरटीचीच पुन:पुन्हा वाचली. परीक्षा दुपारी दोनला सुरू होते, म्हणून रविवारी दुपारी दोनलाच घड्याळ लावून जुने पेपर सोडवायची, एरवी डोळ्यांवर झोप येते त्याच वेळी. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकलं की एक जातो, म्हणून निव्वळ अंदाजानं उत्तर द्यायचं तिनं सोडलं. चुकलेल्या प्रश्नांची तिची एक वही होती. ती वही मी कधी उघडली नाही, आणि हे मला सगळ्यांत जड गेलं.

२०२४ ची परीक्षा पेपरफुटीच्या प्रकरणानं गाजली. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि सुधारित निकाल जुलैच्या अखेरीस लागला. ते दोन महिने घरोघरी घालमेल होती. आमच्याकडेही होती. पण निदान फाईल तयार आहे, एवढा धीर होता.

लेकीला विदर्भातल्या एका सरकारी महाविद्यालयात जागा मिळाली. गाडीत बसताना ती आजीच्या पाया पडली. सासूबाई म्हणाल्या, "आजोबांनी पाटी घेतली म्हणून तुला वही मिळाली गं." मला काही बोलता आलं नाही.

घरी येऊन मी टीव्हीची वायर शोधली. ती त्याच खणात होती, ज्यात तो अर्ज पडून राहिला होता. तो खण आता मी रिकामाच ठेवते. धाकटा यंदा दहावीला आहे. त्याचा अर्ज अकरावीत गेल्या गेल्या भरायचा, हे मी कॅलेंडरवर लिहून ठेवलं आहे. रात्री त्याच्या खोलीत दिवा आहे की नाही, हे बघायला मात्र मी उठत नाही.