आमचा २६१४

आमच्या अण्णांच्या स्कूटरचा नंबर २६१४. १९९४ साली ती कन्नडला आली. औट्रम घाट चढताना ती धापा टाकी; पण अण्णा ‘आमचं २६१४’ असे म्हणत, की जणू घोडीचे नावच! गावच्या पेंटरने पाटीवर ते आकडे मराठीत, मोठ्या ऐटीत रंगवले होते.

२०२१ च्या दिवाळीत मी मोटार घेतली, तेव्हा अण्णांची नजर जवळजवळ गेली होती. म्हटले, नंबर तरी त्यांचाच लावू. चौकशी करता कळले की, स्कूटरची अक्षरे मोटारीला मिळायची नाहीत. चालू मालिकेतले तेच चार आकडे मात्र पैसे भरून घेता येतील. त्यावर दुसऱ्या कोणी अर्ज केला तर लिलाव! पण २६१४ वर कोण भाळतो? हौशी लोक ०००१ साठी तेव्हा तीन लाख मोजीत. २०२४ पासून पाच लाख.

“एवढ्यात हिमरूची शाल आली असती,” सौ. पुटपुटलीच.

मोटार दारात आली. अण्णा काठी टेकीत मागे गेले आणि पाटीवरून बोटे फिरवू लागले. हल्लीच्या पाटीवर आकडे उठावाचे, आणि नियमाने इंग्रजीच.

“सहा आपला नाही रे हा.”

“इंग्रजी आहे, अण्णा.”

“बरं. मग तिचा नंबर आता काय?”

“तिचाही तोच. २६१४.”

सौ.ने मोटारीपुढे पणती ठेवली. अण्णांनी दुसरी मागून घेतली आणि भिंतीला हात लावत परसातल्या स्कूटरकडे निघाले.