खडूरंगावरची झिलई

घरच्या फर्निचरला चकाकी कशी आणावी हे सोप्या शब्दांत लिहा, असे संपादकांनी सुचवले. सोपे आहे तेवढे लिहितो. पण गेल्या महिन्यात कामाला आलेले एक ड्रेसिंग टेबल अजून डोक्यातून जात नाही, तेव्हा आधी त्याबद्दल.

जुने बर्मा टीक, म्हणजे ब्रह्मदेशी सागवान. ते ज्यांचे, त्या ताईंनी हौसेने त्यावर पांढरा चॉक पेंट दिला होता आणि वरून मेण घासले होते. मुलीचे लग्न ठरले तसे टेबल चमकायला हवे झाले. एका कारागिराने त्या मेणावरच व्हार्निश मारले. ते जागोजागी आक्रसले, खळगे पडले आणि नखाने पापुद्रे सुटू लागले.

चकाकी म्हणजे शेवटी मारायचा एक हात, हा समज मला फार त्रास देतो. चॉक पेंट हा प्रकार ब्रिटनच्या अ‍ॅनी स्लोन यांनी १९९० साली आणला, तो मंद, मॅट दिसावा म्हणूनच. त्यात खडूची पूड आणि रंगद्रव्य भरपूर, त्यांना बांधणारे माध्यम कमी. कणांमधल्या फटी भरायला ते पुरत नाही, तिथे हवा राहते. पृष्ठभाग खडबडीत आणि सच्छिद्र राहिला की त्यावर पडलेला प्रकाश चहूकडे विखुरतो. चमक हवी तर प्रकाश एका दिशेने परतला पाहिजे, म्हणजे पृष्ठभाग सपाट आणि बंद झाला पाहिजे.

मेण या फटी भरते, रंग गडद दिसतो, कापडाने घासले की मंद तुकतुकीही येते. कपाटाच्या दारांना तेवढे पुरते. टेबलाच्या वरच्या फळीला नाही. गरम कप ठेवला की मेण मऊ होते. आणि एकदा मेण लावले की त्यावर दुसरे काही नीट धरत नाही. मेण की व्हार्निश हा निर्णय डबा उघडण्याआधीच घ्यायचा असतो. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येक जण मेण लावून झाल्यावर माझ्याकडे येतो.

ताईंच्या टेबलावरचे व्हार्निश खरवडले. मग मिनरल टर्पेंटाइनने मेण काढले. चिंधी सतत बदलावी लागते, नाहीतर तेच मेण इकडचे तिकडे फिरते. पाण्याचा थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर मेण अजून आहे. त्यानंतर बारीक पॉलिशपेपर, आणि मेण काढलेल्या, विरंजित लाखेचे दोन पातळ हात. साधा चपडा, म्हणजे मेण न काढलेली लाख, इथे नको: त्यातल्या नैसर्गिक मेणावर पीयू (पॉलीयुरेथेन व्हार्निश) धरत नाही आणि त्याचा तांबूसपणा पांढऱ्यावर उतरतो. लाखेचा थर सागवानातले पिवळे डागही वर येऊ देत नाही. पावसाळी हवेत मात्र स्पिरिटची लाख दमट होऊन पांढुरकी पडते, म्हणून कोरड्या दिवसाची वाट पाहिली. शेवटी पाण्यावर आधारित ग्लॉस पीयूचे पातळ हात, दोन हातांमध्ये घासणी. तेलावर आधारित पीयू स्वस्त आणि कणखर, पण पांढऱ्यावर पिवळा पडतो. तो मी ठामपणे नाकारला.

खडू आणि झिलई यांचे आपल्याकडे जुने नाते आहे. सावंतवाडीच्या गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, बनवताना चिंचोक्याच्या खळीत खडू कालवून त्याचा थर देतात, गुळगुळीत दगडाने घोटतात, मग चित्र रंगवतात आणि वर लाख चढवतात. घोटल्याने कण दाबून बसतात आणि लाखेला सपाट बैठक मिळते. चॉक पेंटवर काम करणारे नेमकी हीच पायरी गाळतात. मी रंग वाळल्यावर बारीक कागदाने घोटल्याशिवाय पुढचा हात देत नाही. वेळ दुप्पट लागतो आणि गिऱ्हाईक कुरकुरते, तरी देत नाही.

एवढे करूनही बर्मा टीक पांढऱ्या रंगाखाली गाडताना मन खात राहते. तसल्या लाकडाला रंग नकोच. ताईंना तसे सांगितले होते. त्यांना पांढरेच हवे होते.